ओळख राष्ट्राची, हिशेब किनाऱ्याचा

१८ डिसेंबर १९६१ रोजी न्यू यॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत गोव्यावर चर्चा चालू होती, तेव्हा भारतीय फौजा आत शिरलेल्या होत्या. मुख्य फौज बेळगावच्या बाजूने आणि एक तुकडी दोडामार्गाकडून. लढाई थांबवा, फौजा मागे घ्या आणि वाटाघाटी करा, असे सांगणाऱ्या ठरावाला अकरापैकी सात मते पडली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) विरोधात गेले आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव बारगळला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. लष्करी दृष्टीने हे दीड दिवसाचे काम होते. मग त्याला १९४७ पासून चौदा वर्षे का लागली?

सैन्य अपुरे होते म्हणून नव्हे. प्रश्न दोन देशांच्या स्वतःविषयीच्या कल्पनांचा होता. पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. कागदोपत्री गोवा ही वसाहत उरलीच नाही, तो पोर्तुगालचाच भाग झाला. मग देशाच्या भागावर वाटाघाटी कसल्या? फ्रान्सकडेही पुदुच्चेरी होतीच. त्याने ती नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रत्यक्ष भारताच्या हवाली केली आणि कायदेशीर सोपस्कार १९६२ पर्यंत सावकाश उरकले. दोन्ही युरोपीय, दोघांचेही तुकडे छोटे. फरक इतकाच की भारतातली ठाणी सोडल्याने फ्रान्सचे फ्रान्सपण जात नव्हते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने मात्र साम्राज्य हीच देशाची व्याख्या करून ठेवली होती. त्यामागे रोकडा हिशेबही होता. गोव्यावर बोलणी होऊ शकतात असे एकदा मान्य केले की अंगोला आणि मोझांबिकवरही होऊ शकतात, आणि अंगोलात तर १९६१ च्या सुरुवातीलाच उठाव पेटला होता.

भारताच्या बाजूलाही एक गाठ होती. वसाहतवादाच्या विरोधात जगभर बोलणारा देश आपल्याच किनाऱ्यावरची वसाहत सहन करतो, हे लाजिरवाणे होते. पण तंटे शांततेने सोडवा असा उपदेश सगळ्यांना करणारा देश स्वतः बंदूक उचलतो, हेही तितकेच अवघड. या दोन ओळखींच्या ओढाताणीत १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह झाला. पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले; बांद्याजवळच्या पत्रादेवीला त्यांचे स्मारक आहे. त्यानंतर दिल्लीने सत्याग्रहींचे जथे थांबवले आणि आर्थिक नाकेबंदीवर भर दिला. मुंबईत कामाला असलेल्या गोवेकरांचे घरी पैसे पाठवणे अडले, सीमेवरचा व्यवहार गोठला. सालाझारचे काही बिघडले नाही, बिघडले ते दोन्ही बाजूंच्या गावांचे.

राष्ट्राची ओळख परराष्ट्र धोरण ठरवते का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठोकळेबाज उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, देश आपल्या संस्कृतीप्रमाणे, स्वभावाप्रमाणे वागतो. दुसरा म्हणतो, सगळा खेळ हितसंबंधांचा, बाकी भाषणातली सजावट. दोघेही काळाचा हिशेब सोडून देतात. माझे म्हणणे असे की हितसंबंध बहुतेक वेळा शेवटी जिंकतात, पण ते किती वर्षांनी जिंकणार आणि तोवर काय किंमत मोजावी लागणार, हे ओळख ठरवते. ही किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. ती सीमेवर आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या खात्यावर पडते. तारापूरपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात ही खाती उघडून बघता येतात.

गोव्याच्या बाबतीत तो उशीर सर्वस्वी वाया गेला, असे मला वाटत नाही. पोर्तुगालने भारतीय हद्दीतून दादरा-नगरहवेलीकडे जायच्या वाटेचा हक्क मागत १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला, सशस्त्र दलांना मात्र नाकारला गेला. भारताने कर्तव्यभंग केल्याचेही न्यायालयाला आढळले नाही. भारत ऐकून घेतो, न्यायालयात जातो आणि थांबतो, हे नोंदले गेले. आफ्रिका स्वतंत्र होत असताना १९६१ साली उचललेले पाऊल १९४८ मध्ये उचलले असते, तर सुरक्षा परिषदेत लायबेरियाचे मत मिळाले असते का? शंका आहे. पोर्तुगालला मात्र त्याच्या ताठरपणातून काहीच मिळाले नाही. लिस्बनमधली राजवट एप्रिल १९७४ मध्ये कोसळली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला. म्हणजे ओळख बदलायला आधी सरकार पडावे लागले. त्या जुन्या व्याख्येचे शेपूट अजून वळवळते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांचे वंशज आजही पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊ शकतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने ते घेताच इथले नागरिकत्व संपते. बार्देश-साष्टीतल्या किती तरी घरांत एकाच पंगतीला दोन देशांचे नागरिक बसतात, ते त्यामुळे.

उत्तरेकडे रायगडात आले की दुसरे खाते उघडते. अलिबाग, पेण, रोह्याच्या परिसरात बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके राहिला. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर. भारताने नोव्हेंबर १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. स्वतःची फाळणी नुकतीच भोगलेल्या आणि धर्मावर राष्ट्र उभारणे नाकारणाऱ्या देशाला वेगळे मत देणे कठीणच होते. इस्रायलला मान्यता दिली सप्टेंबर १९५० मध्ये, पूर्ण राजनैतिक संबंध जोडले जानेवारी १९९२ मध्ये. मधल्या एक्केचाळीस वर्षांत मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास, पण दिल्लीत राजदूत नाही.

ही सगळी तत्त्वनिष्ठा होती, असे समजायचे कारण नाही. काश्मीरवर अरब देशांची मते हवी होती, तेल हवे होते, आणि १९७० नंतर तर आखातात कामाला गेलेली माणसेही होती. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या गावागावांत दुबई-कुवेतच्या पगारावर घरे उभी राहिली. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. अशा देशाने आखाताला दुखावताना दहा वेळा विचार करणे स्वाभाविक होते. पण याच काळात लढायांच्या वेळी इस्रायलकडून गुपचूप शस्त्रे घेतली गेली होती. व्यवहार चालू होता, फक्त त्याचे नाव उच्चारायचे नव्हते. सोव्हिएत संघ कोसळला, माद्रिदच्या शांतता परिषदेत खुद्द अरब देश इस्रायलसमोर बसले, आणि तीन महिन्यांत दिल्लीला जाहीर नाव घेता आले. आखातातल्या नोकऱ्यांना त्यामुळे धक्का लागल्याचे काही दिसले नाही. म्हणून शेवटची काही वर्षे तरी ही भीती नुसत्या सवयीने टिकून होती, असे माझे मत आहे.

इस्रायललाही स्वतःची व्याख्या होतीच, आणि तिची झळ बसली कोकणातून गेलेल्यांना. तिथल्या धर्मपीठाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करायचे फर्मान काढले. रोह्या-पेणेतून ‘आपल्या’ देशात गेलेल्यांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगितले गेले. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले. राष्ट्राची ओळख बाहेरच्यांना दाखवायची पाटी असते, तशी आत येणाऱ्याला अडवायची कडीही असते.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस बहुतेक मराठी माणसाने पाहिलेला असतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत कैदेत होता. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये त्याच्या समाधीवर येऊन गेले. ती भेट शक्य झाली ती दिल्लीने आपली लोकशाहीवादी भूमिका गुंडाळून ठेवल्यामुळे. १९८८ मध्ये भारत उघडपणे तिथल्या आंदोलकांच्या बाजूने होता. १९९५ साली तिथल्या लोकशाही चळवळीच्या नेत्या आँग सान स्यू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा सीमेवर दोन्ही सैन्यांची बंडखोरांविरुद्ध संयुक्त मोहीम चालू होती. तिचा विचका झाला. सोळाशे किलोमीटरहून लांब सीमेपुढे तत्त्व टिकले नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान आले, भारत तटस्थ राहिला. इथे हित सात-आठ वर्षांत जिंकले.

आता अपवाद, कारण माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका कोकणाच्या दोन टोकांवर उभा आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला. त्यात अण्वस्त्रधारी देशाची व्याख्या अशी, की ज्याने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केला तो. चीनने १९६४ मध्ये केला होता, म्हणून तो आत. भारत कायमचा बाहेर. ही तारीख भारताने कधीच पचवली नाही. सुरक्षेचा हिशेब होताच, पण जगात दोन जाती पाडणाऱ्या कागदावर सही करायची नाही, हा भाव सरकारे बदलली तरी ढळला नाही. इथे ओळखीने नुसता उशीर केला नाही, निर्णयच ठरवला.

किंमत तारापूरने मोजली. पालघर जिल्ह्यातले हे केंद्र १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून उभे राहिले आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागले. प्रत्येकी दोनशे दहा मेगावॉटच्या दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, त्यांना लागणारे अल्पसमृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यायचे. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने अणुनिर्यातीवर बंधने घालणारा कायदा केला आणि पुरवठा आटला. ही भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालत नाही. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जड पाण्याच्या भट्ट्यांची वाट भारताने आधीच धरली होती, या धड्याने ती पक्की झाली. फ्रान्सने १९८० च्या दशकात इंधन दिले, पुढे चीननेही दिले. पण दोन्ही भट्ट्यांची क्षमता मध्येच एकशे साठ मेगावॉटपर्यंत उतरवावी लागली होती, आणि परदेशी सुट्या भागांवाचून जुन्या यंत्राची देखभाल करण्याचे शहाणपण तिथल्या अभियंत्यांनी अक्षरशः घडवत घडवत मिळवले. अणुपुरवठादार देशांच्या गटाने २००८ मध्ये अणुव्यापारासाठी सूट दिली तोवर चौतीस वर्षे गेली होती. त्या सुटीतूनच दुसऱ्या टोकाला, राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जैतापूर प्रकल्पाची आखणी झाली.

जैतापूरमध्ये मात्र दुसरी ओळख आडवी आली, ती भोपाळची. फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीत आले, तेव्हा सहा अणुभट्ट्यांचा, सुमारे नऊ हजार नऊशे मेगावॉटचा आराखडा ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळ वायुकांडाचा निकाल लागून आरोपींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली होती आणि देश संतापला होता. ऑगस्टमध्ये संसदेने अणुदुर्घटना दायित्व कायदा केला. जगात सर्वसाधारण रीत अशी की अपघाताची भरपाई केंद्र चालवणाऱ्याने द्यायची, यंत्र विकणाऱ्याने नाही. आपल्या २०१० च्या त्या कायद्याने चालवणाऱ्याची जबाबदारी दीड हजार कोटींवर मर्यादित केली, पण कलम १७ मध्ये एक पाचर मारली: यंत्रात दृश्य वा छुपा दोष असेल, तर चालवणारा ती रक्कम पुरवठादाराकडून वसूल करू शकेल. विदेशी कंपनी माणसे मारून निघून जाते आणि आपण बघत बसतो, हा अनुभव कलमात उतरला होता.

पुरवठादारांना रकमेपेक्षा डाचत होती ती अनिश्चितता. छुपा दोष किती वर्षांनी सापडू शकतो? भट्टीचे आयुष्य साठ वर्षे धरले, तर साठ वर्षांच्या जबाबदारीचा विमा कोण देणार? कलम ४६ मुळे दुसऱ्या कायद्यांखालीही दावा लागेल का? २०१५ मध्ये सरकारी विमा कंपन्यांचा दीड हजार कोटींचा निधी उभा केला, २०१६ मध्ये पूरक भरपाईच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, तरी फ्रेंच आणि अमेरिकी कंपन्यांचे समाधान झाले नाही. रशियाचे काम मात्र कुडनकुलमला चालू राहिले, कारण पहिल्या दोन भट्ट्यांचा करार जुना होता. म्हणजे ओळखीलाही जुन्या मित्रासाठी मागचे दार असते.

या उशिराची बाजू मी घेईन. एप्रिल २०११ मध्ये साखरीनाट्याला आंदोलनात गोळीबार होऊन एक जण मरण पावला. त्याच्या महिनाभर आधी जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली होती. जैतापूरसाठी ठरलेल्या प्रकारच्या भट्ट्या तेव्हा फ्रान्स आणि फिनलंडमध्ये बांधल्या जात होत्या आणि दोन्हीकडे वेळापत्रक व खर्च हाताबाहेर चालले होते. घाईने करार झाला असता तर तो तोटा आपल्या वीजबिलात आला असता. भोपाळच्या आठवणीने इथे दिल्लीला सावध केले आणि त्या सावधपणाचा फायदा दिल्लीपेक्षा माडबनला अधिक झाला. असा योग क्वचितच जुळतो.

नाणारला तो जुळला नव्हता. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबू धाबीची कंपनी भारतीय तेल कंपन्यांबरोबर येऊन वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी ठरली. दिल्लीच्या लेखी आखाताशी नव्या नात्याचे ते प्रतीक होते. राजापूरच्या लेखी आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारीवर वरवंटा. राज्याने २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली, पुढे जागा बारसूकडे सरकली आणि तिथल्या सड्यावर कातळशिल्पे होती. परदेशी राजधानीत दिलेला शब्द तालुक्याच्या ठिकाणी पाळता येईल की नाही, हे कोणी आधी विचारले नव्हते.

चिन्हांबद्दल थोडेसे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. मालवण-विजयदुर्गाच्या माणसाला त्याचा अभिमान वाटणारच, वाटावाच. पण त्याच दिवशी दाखल झालेल्या विक्रांतची चार गॅस टर्बाइने अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची आहेत आणि तिच्यावरची मिग विमाने रशियाची. तिचे पोलाद मात्र स्वदेशी, आणि तेही रशियाकडून येणारा पुरवठा अडला म्हणून डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी घडवलेले. परराष्ट्र धोरणात तुमचा हात किती मोकळा आहे, हे निशाणापेक्षा या पोलादावरून कळते. हापूसचेही तसेच. भेटीदाखल गेलेली पेटी देशाची शान असते, पण विकायला पाठवलेल्या पेटीला अमेरिकेत किमान चारशे ग्रे (विकिरणाच्या मात्रेचे एकक) विकिरण आणि बिनचूक कागद लागतात. तो बाजार २००७ मध्ये उघडला तोच अणुकराराच्या वाटाघाटींच्या ओघात. युरोपने २०१४ मध्ये फळमाशीवरून दार लावले, तेव्हा अस्मितेच्या भाषणांनी ते उघडले नाही. तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारली तेव्हा २०१५ च्या सुरुवातीला उघडले.

सगळ्यात मोठी गफलत मला दिसते ती जिनिव्हात. जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये मासेमारी अनुदानांवर करार केला आणि पुरेशा देशांची मान्यता मिळून १५ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. बेकायदा मासेमारी, घटलेल्या साठ्यांवरची मासेमारी आणि कोणाच्याच नियंत्रणाखाली नसलेल्या खोल समुद्रातली मासेमारी, या तिन्हींना मिळणारे अनुदान तो रोखतो. जास्तीच्या नौका आणि जास्तीची मासेमारी यांवरचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये अबू धाबीत अडला. भारत पहिल्या कराराबाहेर राहिला. दुसऱ्यात त्याची मागणी अशी: दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या श्रीमंत देशांनी आपल्या सागरी क्षेत्राबाहेरच्या मासेमारीची अनुदाने पंचवीस वर्षे थांबवावीत आणि विकसनशील देशांना तेवढाच काळ मुभा द्यावी. आम्ही छोट्या, पारंपरिक मच्छीमारांचा देश आहोत, ही त्यामागची ओळख.

जगाच्या मापाने ती खरी आहे. आपल्या नौका कुणाच्या दारात जाऊन समुद्र उपसत नाहीत. पण घरी ही ओळख कुणाला लागू होते? रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर, मालवण, वेंगुर्ले इथे विचारा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा, बिगरयांत्रिक होडीतून न्हैयचे जाळे घालणारा एकीकडे. माशांचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचा पर्ससीनवाला, हायस्पीड ट्रॉलरवाला दुसरीकडे. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनच्या परवान्यांची संख्या आणि हंगाम मर्यादित केला, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. दोन्हींची अंमलबजावणी गस्तीनौका किती आणि त्या कधी निघतात यावर अवलंबून. शिवाय बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि पलीकडे केंद्राचा, त्यामुळे नियम मोडणाऱ्याला मैलभर सरकले की पुरते.

अनुदानाचे म्हणाल तर मुख्य आहे डिझेल परतावा. तो मिळतो यांत्रिक नौकेला, इंधनाच्या वापरावर. मोठे इंजिन, लांबचा पल्ला, जास्त डिझेल, म्हणून जास्त परतावा. रापणीच्या संघाला, वल्ह्याच्या होडीला त्यातले जवळपास काही मिळत नाही. म्हणजे जिनिव्हात ज्याचे नाव घेऊन आपण वाद घालतो, त्याच्या हाती पैसा जात नाही. जातो त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्याच्या टाकीत. समोरचे वाटाघाटी करणारे मूर्ख नसतात. त्यांच्याकडेही ताफ्यांची आकडेवारी असते. घरच्या धोरणाशी न जुळणारी ओळख टेबलावर ठेवली की ती ढाल राहत नाही, कच्चा दुवा ठरते.

दुरुस्ती अवघड नाही. परतावा अश्वशक्तीच्या उतरत्या पायरीने द्यावा: लहान इंजिनाला पूर्ण, मोठ्याला कमी, ठरावीक लांबीच्या वर शून्य. वाचलेला पैसा रापण आणि बिगरयांत्रिक होड्यांना जाळी, बर्फ, विमा यांसाठी द्यावा. बंदरावर उतरलेल्या माशांची जातवार नोंद नौकेच्या परवाना क्रमांकाशी जोडावी. करार तसेही साठ्यांची स्थिती आणि पकडीची माहिती मागतो, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था साठ्यांचे मोजमाप करतेच. पापलेट, सुरमई, बांगडा यांचा कोणता साठा कुठे घसरला आहे हे आपल्याच कागदांवर दाखवता आले, तर पंचवीस वर्षांची मागणी भीक वाटणार नाही. आज घोडे नेमके तिथे पेंड खाते.

ओळखीची किंमत सर्वांत क्रूरपणे मोजणारे लोक मात्र पालघर जिल्ह्यात आहेत. डहाणू-तलासरीकडचे कित्येक आदिवासी खलाशी उचल घेऊन गुजरातच्या पोरबंदर, वेरावळ, ओखा बंदरांतल्या बोटींवर चढतात. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीचा वाद सुटलेला नसल्याने त्यापुढच्या समुद्रात सीमारेषा आखलेलीच नाही. इंजिन बंद पडले, ओढ लागली किंवा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माशांमागे थोडा पुढे गेला, की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट ओढून कराचीला नेते. आपल्या बाजूलाही पाकिस्तानी मच्छीमार असेच पकडले जातात. समुद्रविषयक कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराचे कलम ७३ सांगते, की देशाच्या किनाऱ्यालगतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, दोन देशांनी वेगळे ठरवले नसेल तर, तुरुंगवास देऊ नये आणि वाजवी जामिनावर नौका व खलाशी लवकर सोडावेत. भारताने तो करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला. तरी वल्हवणाऱ्याला घुसखोर ठरवणे दोन्हीकडे सोपे जाते, कारण शेजारी शत्रू असणे हा दोघांच्याही ओळखीचा भाग झाला आहे. सावधपणाला कारणे आहेत हे खरे: १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडीला स्फोटके उतरली, २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मच्छीमार बोटच पळवून हल्लेखोर मुंबईपर्यंत आले. पण बोटीची झडती घेऊन शस्त्र आहे की मासे, हे तासाभरात कळते.

२००८ च्या वाणिज्यदूत संपर्क करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या देतात. तीन महिन्यांत दूतावासाला भेट मिळायला हवी. शिक्षा भोगून झाली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सुटका. सगळी रखडपट्टी होते ती या खात्रीत. नाव उच्चाराप्रमाणे उर्दूत लिहिले जाते, तिथून इंग्रजीत येते, गावाचे नाव बदलते, मग दिल्लीहून राज्याकडे, पोलिस ठाण्याकडे आणि पाड्यावर चौकशी. शिक्षा काही महिन्यांची, मुक्काम काही वर्षांचा. कैद्यांना भेटून शिफारशी करणारी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ मध्ये नेमली होती, ती २०१३ नंतर बसलेली नाही.

यात काश्मीर, पाणी, दहशतवाद यांवरच्या भूमिकेला धक्का न लावता करण्यासारखे बरेच आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात अटारीची वाट बंद झाली, सिंधू करार स्थगित झाला, चकमक झाली, तरी १ जुलैच्या याद्या दिल्या गेल्याच. म्हणजे दोन्ही सरकारांना हा व्यवहार बाजूला काढता येतो. २६/११ नंतर खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रे निघाली. बोट सुटताना कोण कोण चढले त्याची यादी, ओळखपत्राचा क्रमांक, देवनागरी आणि रोमन लिपीतले नाव बंदरावरच नोंदले आणि बोट पकडल्याची खबर येताच ती यादी आपल्या कराचीतल्या कैद्यांसाठी इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयात गेली, तर पाड्यावरच्या चौकशीची गरजच उरत नाही. ही नोंद गुजरातच्या बंदरात होते आणि घर महाराष्ट्रात असते, म्हणून दोन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांनी ती एकमेकांना दिली पाहिजे. यासाठी पाकिस्तानची संमती लागत नाही, नवा करार लागत नाही. मच्छीमार संघटनांनी पुढच्या हंगामापूर्वी पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिली मागणी या यादीची करावी, आणि न्यायाधीशांच्या समितीची दुसरी, आपल्या खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे.